लीलाधरची नऊ डोळ्यांची पेटी

एकोणीसशे छप्पन साली बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात कुणालाही विचारलं असतं, की फोटोवाला लीलाधर कुठं राहतो, तर माणूस आधी हसला असता आणि मग जिना दाखवला असता. हसायचं कारण लीलाधर नव्हे. लीलाधर भला माणूस, बुटका, गोल पोटाचा. बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. हसायचं कारण म्हणजे त्याची पेटी. तिला अख्खा मोहल्ला चाळणी म्हणायचा.

चाळणीची गोष्ट सांगायची तर आधी फोटोवाल्याचा जळफळाट समजून घ्यावा लागतो. त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय खायचं काम होतं का? जिना चढून सगळं खानदान वर यायचं, तापीचा घाट रंगवलेल्या पडद्यासमोर रांगा करायचं. लीलाधर काळ्या कापडात डोकं घालून ओरडायचा, "हलू नका! श्वास नंतर घ्या!" आणि नेमका तेव्हाच कुणीतरी शिंकायचा. बरं, फोटो निघाला तरी सुख नाही. मागच्या रांगेतला माणूस दुसऱ्या दिवशी हजर.

"माझं तोंड कुठंय? हे तर मामाचं पागोटं आहे."

"तुम्ही पागोट्यामागं उभे होतात."

"मग? मामाच्या मागं उभं राहायला मला सांगितलं कुणी?"

घ्या, कपाळ! लीलाधर दात-ओठ खात घरात यायचा आणि बायकोला म्हणायचा, "असा कॅमेरा पाहिजे, जो पागोट्याच्या मागं डोकावेल."

"जरा बाजूला सरकून पाहत जा," मालूबाई म्हणायची. तिची उत्तरं नेहमी अशीच असायची, दोन शब्दांत निकाल. गंमत अशी, की बाई सहज बोलून गेली तीच त्या सगळ्या विद्येची किल्ली होती. फक्त ते कळायला लीलाधरला नंदकुमार मास्तर भेटावे लागले.

नंदकुमार मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी लीलाधरकडं चहाला यायचे. त्यांनी वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की फ्रान्सातल्या एका शास्त्रज्ञानं पन्नासेक वर्षांमागं माशीच्या डोळ्यासारखा कॅमेरा सुचवला होता. माशीचा डोळा म्हणजे एक भिंग नव्हे, बारीक बारीक भिंगांचा ताटवा. प्रत्येक भिंग आपापल्या जागेवरून पाहतं, म्हणून प्रत्येकाला थोडं वेगळं दिसतं.

"मास्तर," लीलाधर कपबशी खाली ठेवत म्हणाला, "माशीला जमतं, तर मी काय घोडं मारलंय?"

झालं! चष्मेवाल्याकडून एकाच नंबरची नऊ भिंगं आली. सुतारानं हार्मोनियमपेक्षा लांब पेटी ठोकून दिली. आत प्रत्येक भिंगाचा वेगळा कप्पा, कप्प्यामागं फोटोची काच, आणि पुढं सगळ्यांना मिळून एकच झडप. झडप उघडली की नऊ डोळे एकदम पाहणार आणि एकदम मिटणार. नऊ चित्रं निघणार, सगळी त्याच प्रसंगाची, पण प्रत्येक थोडं बाजूला सरकून पाहिलेलं.

मग काय, दुकानात येईल त्याला लीलाधर धरून बसवायचा. "एक बोट नाकासमोर धरा. डावा डोळा मिटा, आता उजवा मिटा. बोटानं उडी मारली ना? आणि ती भिंत? जागची हलली नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. बस, एवढीच विद्या!" गिऱ्हाईक डोळे मिचकावत बसायचं. लीलाधरला तेवढं उत्तेजन पुरे असायचं. "साधा कॅमेरा काय करतो? सगळ्या बाजूंनी आलेला उजेड एकाच पातेल्यात ओततो. मग आमटीतून मीठ काढणार कसं? माझी पेटी एकेका बाजूचा उजेड वेगळ्या वाटीत ठेवते. मग घरी बसून निवांत ठरवायचं, कशावर नजर ठेवायची. नऊ चित्रं एकावर एक अशी छापली की भिंतीवर भिंत बसली, तर भिंत ठळक आणि बोट पुसट. बोटावर बोट बसवलं, तर बोट ठळक आणि भिंत गेली!"

"अन् याचा फायदा काय भो?"

"फायदा? अरे, उद्या झाडीतलं जनावर दिसेल. गर्दीतला चोर दिसेल. डॉक्टर लोक एकदाच फोटो काढतील आणि आत पाहिजे तेवढं खोल पाहत बसतील. एका फोटोत शंभर फोटो!"

"ते उद्याचं उद्या. आज तुझ्या चाळणीत दोन शेर पीठ चाळून दे, बायको ओरडू राहिली."

हशा व्हायचा. लीलाधर चिडायचा, मग स्वतःच हसायचा. कारण खरं सांगायचं तर तोवर चाळणीनं एकही धड फोटो दिला नव्हता. मालूबाईला वाळत घातलेल्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्यांमागं उभं करून एकदा प्रयोग झाला होता. नऊ चित्रं नीट एकावर एक बसली नाहीत आणि कागदावर तीन नाकांची मालूबाई उमटली. तिनं तो कागद पाहिला आणि सरळ चुलीत घातला.

अशात चैत्रात जवळच्याच बहादरपूरचे कौतिक पाटील जिना चढून आले. केळीचा मोठा बागाईतदार माणूस. एकुलत्या एका लेकीचं, कोकिळाचं, लग्न मलकापूरला ठरलं होतं आणि वैशाखातला मुहूर्त निघाला होता. पाटील तारीख सांगून खाली उतरले, पण बरोबर आलेली कोकिळा पायरीवरच घुटमळली.

"काका, बाबाले सांगू नका. मले आईचा फोटो पाहिजे. बाकी कोनाचा नई आला तरी चालते."

"रंभाक्काचा? अगं, त्यात सांगायचं काय?"

"ती नई काढू देत ना! माझ्या मावशीनं जत्रेत फोटो काढला होता, अन् महिना भरायच्या आत मावशी गेली. तवापासून आई पेटी दिसली का घरात पळते." कोकिळानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी जाऊ राहिली मलकापूरले. मले पोर होईपर्यंत आई माझ्या घरचं पानीबी पिनार नई, रीतच तशी. मंग ती येईन कायले? काका, तिचं तोंड कवा दिसन मले?"

लीलाधरचं काळीज म्हणजे लोणी. पोरीचे डोळे भरलेले पाहिले आणि गडी बोलून गेला, "पक्का. दिवाळसणाला येशील तेव्हा आईचा फोटो तुझ्या हातात. जबान दिली!"

"जबान दिली म्हणे!" मालूबाई आतून म्हणाली. "ती बाई स्वतःची सावली पडू देत नाही, आणि हे तिचा फोटो काढणार! तुमच्या जिभेला हाड म्हणून नाही."

लग्नात लीलाधरनं डोळ्यांत तेल घालून रंभाबाईचा पाठलाग केला. हळदीला गेला, तर हिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. पंगतीत गेला, तर ही खांबाआड, बाहेर दिसली ती तिची मोठ्या मोत्याची नथ तेवढी. स्वयंपाकाच्या मांडवात डोकावला, तर आतून खणखणीत आवाज आला, "त्या पेटीवाल्याले सांगा, इकडं तोंड केलं तर पोळ्या जळतीन!" सगळ्या बायका खो खो हसल्या. लीलाधर बिचारा पेटी उचलून माघारी फिरला. आता सरळ नाही म्हणणाऱ्या माणसाचा फोटो जबरदस्तीनं कसा काढायचा, हे काही त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी त्यानं काढला नसता.

आता मांडवाचं ऐका. लग्नात मांडवाला केळीचे खांब चार लावतात. पण कौतिक पाटलाचा स्वतःचा केळीचा बाग! चारच खांब लावले तर मलकापूरकर काय म्हणतील? त्यांनी बोहल्याच्या मागं केळीची अख्खी रांग उभी केली, पानांसकट. वैशाखाच्या वाऱ्यानं दोन दिवसांत त्या पानांच्या चिंध्या केल्या, पण भिंत ती भिंतच. त्या भिंतीमागं अंगणातलं तुळशीवृंदावन पार झाकून गेलं.

तिसऱ्या प्रहरी मुहूर्त लागला. आपल्याकडं रीत आहे, लेकीचं लग्न आईनं पाहायचं नाही, आईची दृष्ट लागते. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं जाऊन तुळशीला पाणी घालत राहायचं. रंभाबाई तांब्या घेऊन केळीमागं गेली. लीलाधरनं मोठा कॅमेरा समोर लावला आणि चाळणी बाजूच्या घडवंचीवर ठेवली. म्हटलं, पागोट्यांच्या गर्दीतून नवरा-नवरीची तोंडं तरी निघतात का पाहू. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, उन्हाची तिरीप मांडवात आली होती, आणि त्यानं झडप ओढली.

घटकाभरानं रंभाबाई मांडवात आली, तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओलाचिंब होता. विहीणबाईंनी टोमणा मारलाच, "काय हो, तुळस भिजवली का पाय धुतले?"

"दोन्ही," रंभाबाई म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

पाठवणीच्या वेळी गाडीत बसलेल्या कोकिळानं गर्दीतून लीलाधरला शोधलं. डोळ्यांनीच विचारलं. लीलाधरनं मान खाली घातली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि पंगतीत जिलेबी होती, यावरून काय ते समजा.

पुढं मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो पाटलांकडं पोचले. चाळणीच्या काचा लीलाधरनं धुतल्या, सुकवल्या आणि खोक्यात घालून फडताळावर टाकल्या, नीट पाहिल्यासुद्धा नाहीत. मन उडालं होतं. पावसाळा गेला, दसरा गेला. लीलाधर गिऱ्हाइकांना बोट नाकासमोर धरायला सांगेनासा झाला, तेव्हा मोहल्ल्यालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

दिवाळीच्या तोंडावर नंदकुमार मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. गावात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. राज्यांची नवी वाटणी होत होती. बुऱ्हाणपूरचा कारभार आता नागपूरऐवजी भोपाळला जाणार आणि मलकापूर मुंबई राज्यात.

"आपल्या पाटलांची बघा मजा," मास्तर म्हणाले. "लेक दिली तेव्हा घरच्याच राज्यात दिली. आता दिवाळसणाला येईल ती परराज्यातून!"

सगळे हसले. लीलाधरच्या हातातली बशी तेवढी थांबली. "दिवाळसणाला? म्हणजे... पुढच्या आठवड्यात?"

तो उठलाच. फडताळावरचं खोकं काढलं, काचा एकेक उजेडासमोर धरल्या आणि भिंग लावून पाहायला लागला. निदान पोरीचा स्वतःचा एखादा चांगला फोटो तरी तिच्या हातावर ठेवावा, एवढाच विचार. नवरा-नवरी दिसली, पागोटी दिसली, केळीची पानं दिसली. आणि पानांच्या दोन चिंध्यांमध्ये, मोहरीएवढा, एक डोळा दिसला.

लीलाधरनं पेटीच्या दुसऱ्या कप्प्याची काच उचलली. तिथं पानानं तो डोळा झाकला होता, पण नथ दिसत होती. तिसऱ्या काचेत कपाळावरचं कुंकू. चौथ्या काचेत हनुवटी. एकाही काचेत पुरा चेहरा नव्हता. पण ती नथ बुऱ्हाणपूर ते बहादरपूर कुणीही ओळखली असती.

"मालू!" तो असा ओरडला की खालचा पिंजारी वर धावत आला. "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! रंभाक्का इथं आहे! तुळशीपाशी नव्हतीच ती. पानाआडून लग्न पाहत होती!"

आता खरी कसोटी. नऊ काचा एकामागून एक त्याच कागदावर छापायच्या, प्रत्येकीला थोडा थोडा उजेड द्यायचा, आणि दर वेळी चेहऱ्यावर चेहरा बरोबर बसला पाहिजे. बसला तर प्रत्येक काच चेहऱ्याची थोडी थोडी भर घालणार. पान मात्र जवळचं, ते प्रत्येक काचेत निराळ्या जागी सरकलेलं, म्हणून ते कुठंच जमून बसणार नाही, पसरून विरून जाणार. नऊ साक्षीदार खरं बोलताना एकच बोलतात आणि थापा प्रत्येकाच्या वेगळ्या, तसं. पण केसभर चूक झाली की पुन्हा तीन नाकं! लीलाधरनं कागदामागून कागद वाया घालवला. कधी दोन कपाळं आली, कधी नुसतं धुकं.

"तुम्ही डोळ्यावर डोळा बसवताय," मालूबाई शेवटी म्हणाली. "डोळा काय, आता दिसतो आणि आता नाही. नथ बघा. नीट पाहिलं तर तो मधला मोती नऊही काचांत ठिपक्याएवढा चमकतोय. मोत्यावर मोती बसवा."

लीलाधरनं पहिली काच पुन्हा उचलली. मग त्यानं अंधाऱ्या खोलीतल्या तांबड्या दिव्याच्या उजेडात मोत्यावर मोती बसवला, नऊ वेळा. कागद पाण्यात गेला. दोघं ताटलीवर वाकले. आधी करडा धूर आला, ती केळीची पानं. आणि त्या धुरामागून हळूहळू रंभाबाई पुढं आली, आख्खी, एकाच नाकाची! तोंड उघडं, डोळ्यांतून धारा आणि तरी हसणारी. हातातला तांब्या कलंडला होता आणि पाणी सरळ तिच्या स्वतःच्या पायांवर पडत होतं. मालूबाईनं डोळ्याला पदर लावला. लीलाधरला नाचावंसं वाटत होतं, पण अंधाऱ्या खोलीत जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन बहादरपूरला निघाला. मालूबाई म्हणाली होती, "आधी तिला विचारा. ती नाही म्हणाली तर जबान गेली तरी चालेल, पण फोटो फाडून या." लीलाधरलाही ते पटत होतं.

रंभाबाई अंगणात दिवाळीचं सारवण करत होती. फोटो पाहिला आणि तिचे शेणाचे हात तसेच राहिले.

"हे... हे कसं काढलं? मी तं पानाआड होती!"

लीलाधरनं बोट नाकासमोर धरायला लावलं. डावा डोळा, उजवा डोळा. रंभाबाईनं बोटाआडून तुळशीकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सगळं समजली. मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली,

"पाह्यलं मी. एकुलती एक पोरगी, कशी नई पाहू? पन तवापासून जिवाले घोर हाय भो. माझी दृष्ट तं नई लागनार माझ्याच लेकीले? कोनाले सांगताबी येत नई." आणि एकदम तिच्या ध्यानात आलं. "अन् फोटोबी निघाला माझा! कवाचा हा?"

"लग्नातलाच की. वैशाखातला."

"अन् आता?"

"आता दिवाळी आली, अक्का."

रंभाबाई बोटं मोजायला लागली. वैशाख, जेठ, आखाड. मग स्वतःच्या हाताला चिमटा घेतला. "इतके दिवस फोटो निघून पडेल हाय, अन् मले काईच झालं नई? साधा तापबी नई आला!" आणि ती जी हसायला लागली, ती हसायची थांबेचना. कौतिक पाटील बाहेर आले. तिनं फोटो पदराखाली लपवला.

"लपवते कायले?" पाटील म्हणाले. "पाय ओले झालते तुझे, तवाच समजलं मले."

रंभाबाईनं फोटो पदराबाहेर काढून लीलाधरच्या हाती दिला, "पोरीनं मागेल हाय, तं दे तिले."

कोकिळा दिवाळीला आली ती गालावर लाली घेऊन, आणि आईच्या कानात सांगायला एक गोड बातमीही घेऊन. दृष्टीचा घोर तिथंच मिटला. भाऊबिजेला दोघी मायलेकी लीलाधरचा जिना चढल्या. रंभाबाई आता अशी शूर झाली होती, की स्वतःच म्हणाली, "समोरून काढ भो. दोन काढ." तापीच्या घाटासमोर ती खुर्चीत बसली, ताठ, हात मांडीवर, आणि लीलाधर 'झालं' म्हणेपर्यंत खरंच श्वास घेतला नाही. फोटो झकास निघाला. डोळे, नथ, कुंकू, सगळं कोरून काढल्यासारखं स्वच्छ.

निघायच्या दिवशी लीलाधरनं कोकिळासमोर दोन्ही फोटो ठेवले. हा समोरचा, लख्ख, आणि तो पानाआडचा, धुरकट. "जबान पूर्ण झाली, पोरी. हा चांगला घेऊन जा. तो राहू दे माझ्याकडं, चाळणीची आठवण."

कोकिळानं पानाआडचा फोटो उचलला आणि नव्या लुगड्याच्या घडीत ठेवला.

"काका, समोरचा बाबाले द्या," ती म्हणाली. "त्याच्यात आई तुमच्या पेटीकडं पाहते. याच्यात माझ्याकडं पाहू राहिली."